तेलवाहिनीची आग आणि झाडेमाडे

गोमंतकातील शेतकऱ्याला आग ही काही नवी गोष्ट नव्हे. डोंगरउतारावरची कुमेरी आगीनेच तयार होत असे. कोकणात भाताच्या आणि नाचणीच्या रोपांसाठी राब भाजण्याची चाल पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. काजूच्या बागेत वाळलेला पाला गोळा करून जाळणे हेही नित्याचेच. पहिला पाऊस पडला की भाजलेली जागा शेजारच्या जागेपेक्षा अधिक हिरवी दिसते, हा सर्वांच्या डोळ्यांसमोरचा अनुभव आहे. त्यामुळे आग लागली, विझली, राख झाली आणि राखेचे खत झाले, असा एक हिशेब मनात पक्का बसलेला असतो. लाकूडपाल्याच्या आगीला तो बऱ्याच अंशी लागूही पडतो. पण आग तेलाची असेल तर हा हिशेब साफ चुकतो. आणि तो कसा चुकतो, हे बागायतदाराने वेळीच समजून घेण्यासारखे आहे.

हा विषय गोव्यापासून दूरचा आहे असे कोणी समजू नये. मुरगाव बंदरात जहाजातून उतरणारे इंधन जमिनीखालच्या नळांतून झुआरीनगरकडे नेण्याची व्यवस्था अनेक वर्षांपासून आहे. झुआरीनगरचा खत कारखाना १९७३ साली सुरू झाला. तेथे दीर्घकाळ नाफ्ता हाच कच्चा माल होता. २०११ साली चिखली परिसरात या नाफ्त्याच्या वाहिनीला गळती लागून आग लागली होती. पुढे २०२३ च्या अखेरीस आणि २०२४ च्या आरंभी दाबोळीजवळच्या माटवे भागात निराळाच प्रकार दिसून आला. तेथील विहिरींच्या आणि ओहोळाच्या पाण्याला इंधनाचा वास येऊ लागला, पाण्यावर तेलाचा तवंग दिसू लागला, आणि त्या तरंगणाऱ्या इंधनाने पेटही घेतला. बंदराकडून येणाऱ्या इंधनवाहिनीच्या गळतीशी या घटनेचा संबंध जोडण्यात आला. पाणी पेटते हे ऐकून लोक चकित झाले. वस्तुतः पाणी पेटत नाही. पाण्यावर पसरलेला तेलाचा पातळ थर पेटतो. समईत तेल पाण्यावर तरंगते हे घराघरांत ठाऊक आहे. तेच तत्त्व येथे लागू पडते.

नाफ्ता म्हणजे खनिज तेलातून निघणारे, पेट्रोलसारखे अत्यंत हलके द्रव्य. ते पाण्यापेक्षा हलके असते, म्हणून पाण्यावर तरंगते. ते साध्या हवेत झपाट्याने उडून जाते; पण त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, म्हणून ती वर न जाता जमिनीला धरून सरकते. चर, नाला, ओहोळ, शेताची खाचर, अशा सखल जागी ती साचते. शून्य अंशाखालच्या थंडीतही तिला पेट घेण्यास एक ठिणगी पुरते. म्हणूनच गळती एका जागी आणि भडका दूर दुसऱ्या जागी, असे घडू शकते. गळती डोंगरावर असेल तर आग बहुधा खालच्या वळचणीला, म्हणजे जेथे पाणी आणि बागायत असते तेथेच पोहोचते.

आता झाडावर आगीचा परिणाम कसा होतो ते पाहू. वनस्पतीची सजीव पेशी सुमारे ६० अंश सेल्सियसपर्यंत तापली की मिनिटभरात मरते. गवताच्या आगीची ज्योत फार गरम असली तरी ती एका जागी थांबत नाही. वाऱ्याबरोबर पुढे निघून जाते. माती ही उष्णतेची मंद वाहक आहे. त्यामुळे दोन बोटे खोल असलेल्या मुळांना अशा आगीची फारशी धग लागत नाही, आणि पावसानंतर तीच मुळे नवे कोंब धरतात. तेलाचे तसे नाही. ते जेथे साचते तेथेच जळते, आणि वाहिनीतून नवे तेल येत राहिले तर तासन्‌तास जळत राहते. ज्योतीचे तापमान हजार अंशांच्या आसपास जाते. शिवाय अशा मोठ्या ज्योतीची धग उन्हासारखी सरळ रेषेत दूरवर पोहोचते. ज्वाळेचा स्पर्शही न झालेल्या झाडाची पाने त्या धगीने करपतात.

सगळी झाडे ही धग सारखीच सोसत नाहीत. आंबा, काजू, साग, किंदळ यांसारख्या झाडांत सालीच्या आत सजीव पेशींचा एक पातळ थर असतो. खोडाची वाढ त्यातूनच होते. हा थर खोडाभोवती पूर्ण वर्तुळात मेला की झाड मेले. त्याचे रक्षण साल करते. साल दुप्पट जाड असेल तर आतला थर मरण्यास दुप्पट नव्हे, तर साधारण चौपट वेळ लागतो. म्हणून जुने, जाड सालीचे झाड आगीतून वाचते आणि शेजारचे तरुण झाड जाते. त्यांतही खोडाची एकच बाजू भाजली असेल तर झाड जगते, पण त्या जखमेतून पुढे वाळवी आणि बुरशी शिरते. असे झाड दोन-तीन वर्षांनी वाऱ्यात मोडते तेव्हा आगीची आठवण कोणाला होत नाही.

माडाची गोष्ट वेगळी. माड हा गवताच्या कुळाजवळचा. त्याच्या खोडात असा वर्तुळाकार थर नसतो, तर रस वाहून नेणाऱ्या शिरा खोडभर विखुरलेल्या असतात. त्यामुळे बुंधा बाहेरून कोळशासारखा काळा पडला तरी माड जगू शकतो. पण त्याचे सगळे आयुष्य शेंड्याच्या एका कोंबावर अवलंबून असते. तो कोंब भाजला की बुंधा कितीही धडधाकट असो, माड परत फुटत नाही. पोफळ याच जातीची, परंतु तिचे खोड नाजूक. पश्चिमेच्या उन्हानेसुद्धा पोफळीचे खोड करपते, म्हणून कुळागरात त्या बाजूला सावली धरण्याची काळजी शहाणा बागायतदार घेतो. जे खोड उन्हाने करपते ते तेलाच्या धगीपुढे काय टिकणार? केळ आणि बांबू यांचे बळ जमिनीखालच्या कंदात असते; वरचा भाग जळाला तरी ती परत फुटतात, मात्र कंदापर्यंत तेल मुरलेले नसेल तरच. मिरीच्या वेलाची अन्न शोषणारी मुळे वरच्या थरात असतात, त्यामुळे धग आणि तेल या दोहोंचा पहिला मार तिलाच बसतो.

धुराचाही विचार करावयास हवा. तेलाच्या आगीचा धूर दाट काळा असतो. त्यातील काजळी पानांवर बसते, प्रकाश अडवते आणि पानांची सूक्ष्म रंध्रे बुजवते. धुरात इथिलीन नावाचा वायूही असतो. केळ्यांना धुरी देऊन पिकविण्याची रीत पुष्कळांना माहीत आहे. ते काम हाच वायू करतो. एकोणिसाव्या शतकात युरोपातील शहरांत रस्त्यावरच्या दिव्यांसाठी जमिनीखालून वायू नेत असत. नळ गळू लागले की जवळच्या झाडांची पाने अवेळी गळत. १९०१ साली नेल्युबोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने दाखवून दिले की वनस्पतींवर असा परिणाम करणारा त्या वायूतील घटक इथिलीन होय. आगीच्या जागेपासून दूर असलेल्या झाडाचा मोहोर किंवा कोवळी फळे गळाली तर त्याचे एक कारण असेही असू शकते.

परंतु तेलाच्या आगीचा खरा घाव मातीत असतो. राब भाजताना वरचा पालापाचोळा जळतो, त्यातील क्षार राखेच्या रूपाने मातीत मिसळतात, आणि आम्ल जमिनीचा आंबटपणा थोडा कमी होतो. तेलात असे क्षार जवळजवळ नसतातच. त्यामुळे ते जळून खताची राख मिळत नाही. उलट दीर्घकाळ तापलेल्या मातीतील कुजलेला पाला, म्हणजे तिचा सगळा कस, जळून जातो. गांडुळे, बुरशीचे धागे, उपयुक्त जिवाणू नाहीसे होतात. तापलेल्या मातीतून निघणारी मेणासारखी वाफ थोडे खाली जाऊन थंड होते आणि तेथे पाणी झिडकारणारा एक थर तयार करते. मग पावसाचे पाणी आत मुरत नाही. ते वरच्या भुसभुशीत मातीला घेऊन वाहू लागते. गोव्यासारख्या प्रदेशात, जेथे वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस चार महिन्यांत कोसळतो, तेथे याचा अर्थ काय होतो हे सांगावयास नको.

त्यातच सगळे तेल कधीच जळत नाही. काही भाग हवेत उडतो, काही जळतो आणि उरलेला मातीत मुरतो. मुरलेले तेल मातीच्या कणांवर बसते. मग पाणी आणि हवा मुळांना मिळेनाशी होते. मातीतले काही जिवाणू हे तेल खाऊ शकतात, ही निसर्गाची मोठी कृपा आहे. परंतु तेल खाण्यासाठी त्यांना प्राणवायू आणि नत्र लागतो, आणि तेलात नत्र जवळजवळ नसतो. साहजिकच ते मातीतला नत्र ओढून घेतात. बागेतली झाडे पिवळी पडतात, वाढ खुंटते, फळ धरत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला हा रोग वाटतो. प्रत्यक्षात झाड मातीत उभे राहून उपाशी असते. गवत मात्र पहिल्या पावसात उगवते, कारण त्याचे बी वाऱ्याने कोठूनही येते. हिरवे गवत पाहून जमीन बरी झाली असे म्हणणे, म्हणजे ताप उतरला म्हणून रोग गेला असे समजण्यासारखे आहे.

आता यात जांभ्याची भर पडते. डिचोली तालुक्यात सर्वण-कारापूरच्या बाजूला असो, पेडण्यात असो वा मुरगावात, गोव्याच्या पठारांचा मोठा भाग जांभ्या दगडाचा आहे. जांभ्या छिद्रांनी आणि नळ्यांनी भरलेला असतो. पावसाचे पाणी त्यातून सहज खाली उतरते, खालच्या चिकण शेडी मातीवर अडते, आणि पठाराच्या पायथ्याशी झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. आपल्या पूर्वजांनी कुळागरे, तळी आणि वस्त्या नेमक्या याच पायथ्यांशी का वसविल्या, याचे उत्तर येथे आहे. पण जी वाट पाण्याची तीच तेलाची. पठारावर वाहिनी गळली तर तेल वर न दिसता जांभ्याच्या नळ्यांतून उतरते आणि काही दिवसांनी वा महिन्यांनी खालच्या विहिरीत, झऱ्यात, पाटात प्रकट होते. पेट्रोल आणि नाफ्ता यांत बेन्झीन हे विषारी द्रव्य असते आणि त्याचा काही अंश पाण्यात विरघळतो. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. म्हणजे तवंग दिसेनासा झाला तरी पाणी निर्दोष झाले असे होत नाही. ज्या डिचोली तालुक्यातील लोकांनी खाणींमुळे भूगर्भातील पाण्याच्या वाटा बदललेल्या पाहिल्या आहेत, त्यांना ही गोष्ट निराळी समजावून सांगण्याची गरज नाही.

देशोदेशीच्या घटनाही हेच सांगतात. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात बेलिंगहॅम गावी १० जून १९९९ रोजी एक वाहिनी फुटून सुमारे ९ लाख लिटर पेट्रोल एका ओढ्यात शिरले आणि पेटले. दोन लहान मुले व एक तरुण यांचा त्यात अंत झाला. दोन किलोमीटरहून अधिक लांबीच्या काठावरील झाडी जळाली. आग त्याच दिवशी आटोक्यात आली. पण ओढ्याच्या तळातील गोट्यांत शिरलेले पेट्रोल काढण्यासाठी तो तळ ढवळून काढावा लागला आणि काठावर स्थानिक झाडांची नव्याने लागवड करावी लागली. त्या नळाला काही वर्षांपूर्वी जवळच्या खोदकामात इजा झाली होती, असे चौकशीत दिसून आले. आपल्याकडे आंध्र प्रदेशात कोनसीमा भागातील नगरम गावी २७ जून २०१४ च्या पहाटे वायुवाहिनीचा स्फोट होऊन वीसहून अधिक माणसे दगावली. तो प्रदेश गोव्यासारखाच नारळीचा. घरांभोवतीचे माड उभ्याउभ्या कोळसा झाले. आसामात बागजान येथे २७ मे २०२० रोजी वायूची विहीर अनावर झाली, ९ जूनला ती पेटली आणि नोव्हेंबरच्या मध्यावर विझली. पेटण्यापूर्वीच तिच्यातून उडणाऱ्या हलक्या तेलाचे तुषार आसपासचे मळे, गवताळ रान आणि पाणथळ जागा यांवर पडले होते. आगीआधीही तेल झाडांना मारते, हा त्यातला धडा.

याच्या शेजारी मार्च २०२३ मधील म्हादई अभयारण्य परिसरातील वणवे ठेवून पाहावेत. हेलिकॉप्टरने पाणी टाकावे लागले इतके ते पसरले होते आणि सत्तरीतील काजूबागांनाही त्यांची झळ बसली. ती हानी मोठीच होती. तरीही त्या जमिनीत विष मुरले नव्हते, म्हणून तेथे निसर्गाला काम सुरू करण्यास अडथळा नव्हता. तेलाच्या आगीनंतर निसर्गाला आधी विषाशी झगडावे लागते आणि मग उभारी धरावी लागते.

कायद्याची बाजूही थोडी जाणून घेणे इष्ट. पेट्रोलियम वाहिन्यांसाठी जमिनीच्या वापराचा हक्क घेण्याचा कायदा भारतात १९६२ साली झाला. त्याप्रमाणे जमीन मालकाचीच राहते, पण वाहिनीच्या पट्ट्यात घर बांधणे, विहीर वा तळे खोदणे आणि झाड लावणे यांस मनाई असते. या हक्काबद्दल जमिनीच्या बाजारभावाच्या दहा टक्के मोबदला मिळतो. काम करताना झालेल्या नुकसानीची भरपाई वेगळी. पट्ट्यात झाड नको, या नियमाचा कित्येकांना राग येतो. परंतु मुळांनी नळाचे आवरण उखडू नये आणि गळती चटकन दिसावी, हा त्यामागचा हेतू आहे. पट्ट्यातले गवत एकाएकी गोलाकार पिवळे पडले तर ती गळतीची पहिली खूण असू शकते. ती कळविण्यात आळस करू नये. तसेच रस्ता, घर वा नळ यांसाठी यंत्राने खोदण्यापूर्वी खालून काय जाते याची चौकशी करणे हे गावाच्या हिताचे आहे.

दुर्दैवाने अशी आग लागलीच, तर पुढे काय करावे? पहिली गोष्ट, विहिरीचे पाणी तपासल्यावाचून माणसांना, गुरांना वा झाडांना देऊ नये, आणि वास येणाऱ्या जागी चूल, विडी, पंप काहीही पेटवू वा चालवू नये. दुसरी, करपलेले झाड घाईने तोडू नये. काजू-आंब्याला एक पावसाळा द्यावा. माडाच्या शेंड्यातील न उमललेले पान पाहावे. ते हलके ओढताच निघून आले तर कोंब मेला असे समजावे, ताठ राहून वाढू लागले तर आशा आहे. उघड्या पडलेल्या पोफळींना सावली करावी. तिसरी, माती बरी करण्यासाठी तिला हवा आणि अन्न द्यावे लागते. तज्ज्ञांनी वाफेचा धोका टळल्याचे सांगितल्यावर जमीन उकरून मोकळी करणे, शेणखत व नत्र घालून तेल खाणाऱ्या जिवाणूंना बळ देणे, वाळ्यासारखी दाट मुळांची गवते लावणे, हे मार्ग आहेत. दिल्लीच्या ‘टेरी’ संस्थेने अशा जिवाणूंचे ‘ऑइलझॅपर’ नावाचे मिश्रण तयार केले असून २०१० साली मुंबईजवळ दोन जहाजांच्या टकरीनंतर किनाऱ्यावर आलेल्या तेलावर ते वापरण्यात आले होते. आग विझविण्यासाठी वापरलेल्या फेसातही पुष्कळदा न कुजणारी रसायने असतात. मातीची तपासणी करताना त्यांचाही विचार व्हावा.

शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट पंचनाम्याची. आगीनंतर चार-आठ दिवसांत होणाऱ्या पाहणीत जळालेली झाडे मोजली जातात. ते योग्यच आहे. पण एवढ्यावर हिशेब मिटला, तर वर्षभराने पिवळी पडलेली पोफळ, दोन वर्षांनी मोडलेला आंबा आणि फळ न धरणारी मिरी यांची नोंद कोठेच राहत नाही. २०१० च्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण कायद्याप्रमाणे भरपाईसाठी आणि पर्यावरण पूर्ववत करून घेण्यासाठी पाच वर्षांच्या आत अर्ज करता येतो. ही मुदत सर्वांना माहीत नसते. म्हणून बागायतदाराने पहिल्याच दिवशी झाडांची यादी करावी, मातीचा व पाण्याचा नमुना रीतसर तपासून घ्यावा, आणि पुढील प्रत्येक पावसाळ्याच्या आधी व नंतर तीच नोंद पुन्हा करावी. पंचायतीने आणि कृषी खात्याने पहिल्या पाहणीबरोबरच दुसरी व तिसरी पाहणी केव्हा होणार, तेही लिहून ठेवावे.

इंधन सर्वांनाच हवे आहे, आणि ते रस्त्यावरच्या टँकरांपेक्षा नळांतून नेणे सामान्यतः अधिक सुरक्षित मानले जाते. वाहिन्या नकोत असे म्हणण्यात अर्थ नाही. पण ज्या माडाला फळ धरण्यास सहा-सात वर्षे लागतात आणि जो पुढे दोन पिढ्यांना पोसतो, त्याच्या नुकसानीचा हिशेब आठ दिवसांत संपविणे न्यायाचे नव्हे. ज्वाळा विझल्या की अग्निशमन दलाचे काम संपते. जमिनीवर लक्ष ठेवण्याचे गावाचे काम तेव्हा सुरू होते.